टाचेची शीर कडक असली की उडी उंच जाते म्हणतात, मग स्ट्रेचिंग सोडू का?

सिडको_जंपर

राम राम मंडळी. मी नाशिकचा, सिडकोत राहतो, वय २०, वजन ६५ किलो, उंच उडी मारतो. बेस्ट १.८५ मीटर आहे आणि पावणेदोन वर्षं तिथंच घोडं अडलंय. १.८८ ला बार कधी पाठीला लागतो कधी टाचेला, पण पडतो हे नक्की.

गेल्या आठवड्यात आमच्या सरांनी टेक ऑफचा व्हिडिओ हळू करून दाखवला आणि म्हणाले तू उडत नाहीस रे, आधी जमिनीत बसतोस मग उठतोस, तुझ्या टाचेची शीर ढिली आहे, स्ट्रेचिंग बंद कर आणि रोज ५०० दोरीवरच्या उड्या मार. आता माझं डोकं फिरलंय कारण घरी आई म्हणते किती आखडलायस, तेल लावून पाय मोकळे कर, जिममधला म्हणतो फ्लेक्सिबल हो, आणि मोबाईल उघडावा तर सगळीकडे स्टिफ टेंडन स्टिफ टेंडन चाललेलं (टेंडन म्हणजे हीच शीर, रक्ताची नव्हे, पोटरीच्या स्नायूला टाचेच्या हाडाशी जोडणारी). खरं काय?

दुसरी गोष्ट. माझा एक दोस्त व्हॉलीबॉल खेळतो, आम्ही दोघांनी त्याच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये भिंतीवर खडूने खुणा केल्या. जागेवर उभं राहून खाली दबून उडी मारली तर त्याची खूण माझ्यापेक्षा चांगली चार बोटं वर. पण पळत येऊन एका पायावर उडी म्हटली की तो माझ्या आसपासही येत नाही. मग शीर कोणाची चांगली, त्याची का माझी? (वॉचमन काका भिंत खराब केली म्हणून ओरडले तो भाग वेगळा.)

तिसरं, सकाळी उठल्यावर पहिली दहा-बारा पावलं माझी टाच एकदम कडक असते, आता थंडीत तर जास्तच. म्हणजे शीर आधीच स्टिफ आहे ना? मग सर ढिली कसं म्हणतात? घरच्या घरी मोजायची काही सोय असेल तर तेपण सांगा.

गलोलवाला_सातपूर

मी डॉक्टर नाही, मशीनवाला माणूस आहे, कॉलेजात तिहेरी उडी मारायचो, गुडघा गेला आणि मग वाचत बसलो. समजलंय तेवढं सांगतो.

लहानपणी गलोल केली असशील ना, सायकलच्या ट्यूबची पट्टी लावून. पट्टी मऊ असली तर लांब ताणली जाते पण दगड फुसका जातो. जाड पट्टी लावली तर दगड सुसाट, पण ती ताणायला हातात जोर पाहिजे, दहा वर्षांच्या पोराला ती ओढताच येत नाही आणि मग दगड पायापाशी पडतो. तुझ्या पायात हात म्हणजे पोटरीचा स्नायू आणि ट्यूब म्हणजे टाचेची शीर. उडी मारताना बऱ्याचदा स्नायू स्वतः फारसा लांब-आखूड होतच नाही, तो एका जागी घट्ट धरून ठेवतो आणि ताणली जाते ती शीर, आणि तीच परत येताना झटका देते. स्नायूला स्वतःला एवढ्या वेगात आखडता येत नाही. शिरेत साठलेल्या एनर्जीतली साधारण नव्वद टक्के परत मिळते, बाकी उष्णता होऊन जाते.

आता स्टिफनेस म्हणजे काय, तर किती जोर लावला की शीर किती मिलिमीटर लांबते, बस. यात एक गंमत आहे जी रील बनवणारे सांगत नाहीत. समजायला आकडे धर, एका पायाच्या शिरेवर ४००० न्यूटन जोर आला. एकाची शीर दर मिलिमीटरला २०० न्यूटन मागते, म्हणजे ती २० मिलिमीटर ताणली, साठवलेली एनर्जी झाली ४० ज्यूल. दुसऱ्याची दुप्पट कडक, मिलिमीटरला ४०० न्यूटन, ती १० मिलिमीटरच ताणली, साठवले फक्त २० ज्यूल. म्हणजे जोर तेवढाच असेल तर कडक शीर कमी साठवते. तुझ्या ६५ किलोला ४० सेंटीमीटर वर न्यायला २५५ ज्यूल लागतात त्यामुळे हा फरक काही चिल्लर नाही.

मग कडक शिरेचा फायदा कुठे? वेळेत. तुझा उंच उडीचा टेक ऑफचा पाय जमिनीवर किती वेळ असतो, ०.१५ ते ०.२ सेकंद. लांब उडीत तर ०.१२ च्या आसपास. स्नायूला पूर्ण जोर यायला ०.३ सेकंद किंवा जास्तच लागतात. म्हणजे तुझा खेळ जोर पूर्ण यायच्या आतच संपतो. अशा वेळी मधली शीर ढिली असेल तर अर्धा वेळ ती ताणण्यातच जातो. विहिरीवर रहाट ओढताना दोर ढिला असला की पहिले दोन हात नुसता दोर गोळा करण्यात जातात आणि बादली हलतच नाही, तसं. तुझे सर जमिनीत बसतोस म्हणतात ते बहुतेक हेच. पण बहुतेक म्हणतोय, कारण बसण्याला दुसरी कारणं पण असतात.

तुझा व्हॉलीबॉलवाला दोस्त उभ्या जागेवरून दबून उडी मारतो तेव्हा त्याला अर्धा सेकंद किंवा जास्त वेळ मिळतो. तिथे मांडीची ताकद बोलते, शीर थोडी मऊ असली तरी चालून जातं. दोन वेगळी मशीनं आहेत, एकाच पट्टीने मोजू नका.

भाऊ_व्हॉलीवाला

तो दोस्त मीच आहे बहुतेक 😂 पार्किंगवाला.

बरं मुद्द्याचं, एवढं डोकं कशाला लावायचं, बॉक्सवरून उड्या मारा, जितक्या जास्त उड्या तितकी शीर कडक, कांगारू काय जिमला जातो का?

फिजिओताई_गंगापूररोड

भाऊ, कांगारू जन्मल्यापासून तेच करतो आणि त्याला सोमवारी सबमिशन नसतं.

जास्त उड्या म्हणजे जास्त कडक शीर हे जेवढं सरळ वाटतं तेवढं नाहीये. जपानमध्ये २००७ ला एक मस्त प्रयोग झाला होता, त्याच मुलांचा एक पाय वजनाने ट्रेन केला आणि दुसरा पाय उड्यांनी, १२ आठवडे. वजनवाल्या पायाची शीर कडक झाली. उड्यावाल्या पायाची झाली नाही, पण तरी गंमत बघा, उड्यावाल्या पायाची उडी सगळ्या प्रकारांत सुधारली आणि वजनवाल्या पायाची फक्त एका प्रकारात, खाली दबून थांबून मग मारायची ती. म्हणजे शीर कडक झाली आणि झाली उडी असं नाही. दुसरीकडे डेन्मार्कमध्ये २००५ साली ट्रेन्ड खेळाडूंच्या मांडीच्या पुढच्या शिरेचा स्टिफनेस मोजला तर ज्यांची कडक त्यांचा जोर लवकर चढत होता आणि उडीपण उंच होती. दोन्ही खरं आहे. पण कडक शीर आणि चांगली उडी एकाच माणसात सापडली म्हणून एकामुळे दुसरं झालं असं होत नाही, कित्येकदा दोन्ही वर्षानुवर्षांच्या ताकदीच्या ट्रेनिंगमुळे आलेलं असतं.

आता सिडको_जंपर, तुझ्या तिसऱ्या प्रश्नाकडे येते कारण मला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो. सकाळी टाच कडक वाटणं आणि शीर स्टिफ असणं यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही, शब्द एकच म्हणून घोळ होतो. पहिली दहा पावलं आखडणं, चाललं की सुटणं, हे टाचेची शीर कुरकुरायला लागल्याचं नेहमीचं लक्षण आहे, आणि अशी दुखरी शीर मोजली तर उलट मऊ निघते. जाडही होते बऱ्याचदा. आता हे कर, अंगठा आणि तर्जनीने टाचेच्या वर दोन ते सहा सेंटीमीटरच्या पट्ट्यात शीर चिमटीत धर आणि दाब, दुसऱ्या पायाशी तुलना कर. दुखलं किंवा जाड लागली तर ५०० दोरीवरच्या उड्या लगेच बंद. सरांना वाईट वाटलं तरी चालेल. एका पायावर उभा राहून टाच किती वेळा पूर्ण वर नेता येते तेपण मोज, २५ च्या आसपास यायला हव्यात आणि दोन्ही पायांत मोठा फरक नको.

स्ट्रेचिंगबद्दल. सांधा किती वाकतो आणि शीर किती कडक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मल्लखांबवाली मुलं बघ, पाय डोक्याला लावतात आणि उडीही सणसणीत मारतात. स्ट्रेचिंगने शीर सैल होते असं काही ठामपणे दिसत नाही, जास्त करून आपल्याला ताण सहन व्हायला लागतो. उडीच्या अगदी आधी एकेक स्नायू मिनिटभराच्या वर ताणून धरलास तर त्या वेळेपुरती ताकद थोडी उतरते, म्हणून ते संध्याकाळी कर. बंद करायची काही गरज नाही. आईचं तेलही चालू दे, त्याने शीर बदलत नाही पण आईला बरं वाटतं.

एक विचारायचं राहिलं, गेल्या दोन-तीन महिन्यांत पोट बिघडलं किंवा लघवीला जळजळ म्हणून अँटिबायोटिक घेतलं होतंस का? नाव बघून सांग.

सिडको_जंपर

ताई चिमटीत दुखलं. उजव्या पायाला, टेक ऑफचा पाय डावा आहे तो ठीक आहे. टाचा उजव्याला १७ आणि डाव्याला २४.

आणि अँटिबायोटिक हो, दिवाळीनंतर पोट बिघडलं होतं तेव्हा मेडिकलमधून आणलेलं, पाकीट सापडलं, सिप्रोफ्लॉक्सासिन लिहिलंय. त्याचा काय संबंध?

फिजिओताई_गंगापूररोड

म्हणूनच विचारलं. सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन, ओफ्लॉक्सासिन हा जो गट आहे तो शिरा कमजोर करू शकतो, सगळ्यात जास्त टाचेची. अमेरिकेत २००८ पासून या गोळ्यांच्या माहितीपत्रकात शीर तुटण्याबद्दल ठळक इशारा छापावा लागतो. धोका साठीच्या वरच्यांना आणि सोबत स्टेरॉइड घेणाऱ्यांना जास्त, तुझ्या वयात कमी, आणि तुझं दुखणं त्यामुळेच आहे असं मी इथे बसून म्हणणार नाही. पण पुढच्या वेळी मेडिकलवाल्याकडून आणू नकोस, डॉक्टरला सांग मी उड्या मारतो, दुसरी गोळी द्या. हे आपल्याकडे खेळाडूंना कोणीच सांगत नाही, जिल्हा स्पर्धेला जाणारी निम्मी मुलं प्रवासात पोट बिघडेल म्हणून बॅगेत हीच गोळी ठेवतात. चिमटीतलं दुखणं मात्र कोणा फिजिओला एकदा प्रत्यक्ष दाखव, फोरमवर पाय दिसत नाही.

आता ट्रेनिंग. शिरेला बदलायचं तर तिला चांगलं ताणावं लागतं, आणि तेपण सावकाश, थोडा वेळ धरून. जर्मनीत २००७ साली १४ आठवडे हे तपासलं होतं, एक पाय हलक्या जोराने आणि एक पाय जवळजवळ पूर्ण जोराने, बाकी काम दोन्हींचं सारखं. जास्त जोरवाल्या पायाचीच शीर कडक झाली, हलक्यावाल्याची नाही. दोरीवरची उडी झटक्यात होते, पाय दशांश सेकंदभर जमिनीवर, शिरेतल्या पेशींना हलवायला तो वेळ कमी पडतो.

तर असं कर. जिममध्ये लेग प्रेसला किंवा स्मिथ मशीनला (रुळांवर वर-खाली सरकणारा बार असतो ते) वजन एवढं जड लाव की हलणारच नाही. गुडघा सरळ, पाऊल सपाट किंवा चवड्याखाली पातळ फळी. ३ सेकंद पूर्ण जोराच्या नव्वद टक्के ढकल, ३ सेकंद सोड, असं चार वेळा म्हणजे एक सेट. पाच सेट, मध्ये दीड-दोन मिनिटं. आठवड्यातून तीनदा. उजव्या पायाला आधी दोन-तीन आठवडे सत्तर टक्क्यांनीच कर, दुखणं दहापैकी तीनच्या वर जायला नको आणि दुसऱ्या दिवशी सकाळची दहा पावलं वाढायला नकोत, सकाळची पावलं हाच तुझा मीटर. उड्या पूर्ण बंद नको, आठवड्यातून दोनदा, थोड्या आणि चांगल्या.

आणि घाई नको. स्नायू सहा-आठ आठवड्यांत जोर दाखवायला लागतो, शीर मागून येते, तीन महिने धर. तुमच्या वयात दुखणी याच मधल्या काळात होतात, हात दणकट झाला पण गलोलीचं रबर जुनंच.

गलोलवाला_सातपूर

ताई तुम्ही रबर म्हणालात म्हणून आठवलं. टाचेच्या शिरेच्या आतला गाभा साधारण सतराव्या वर्षापर्यंत जो बनतो तोच जवळपास आयुष्यभर राहतो. हे कसं कळलं तर अणुबॉम्बमुळे! १९५५ ते ६३ च्या दरम्यान चाचण्या झाल्या तेव्हा हवेत एक प्रकारचा कार्बन वाढला, तो खाण्यातून शरीरात गेला, आणि डेन्मार्कवाल्यांनी २०१३ मध्ये वेगवेगळ्या साली जन्मलेल्या लोकांच्या शिरा तपासल्या तर प्रत्येकाच्या गाभ्यात त्याच्या पोरवयातल्या हवेचा हिशोब तसाच लिहिलेला. स्नायू बदलत राहिला, शीर नाही. म्हणजे शाळेत सातवी-आठवी-नववीला जे पळणं-उड्या होतात ते किती महत्त्वाचं बघा, आणि आपण त्याच तीन वर्षांत पीटीच्या तासाला गणित घेतो.

भाऊ_व्हॉलीवाला

मग २० व्या वर्षी हा काय करणार, गाभा तर झाला पक्का?

फिजिओताई_गंगापूररोड

गाभा बदलत नाही म्हणजे शीर कडक होत नाही असं नाही. तो वरचा १४ आठवड्यांचा प्रयोग मोठ्या माणसांवरच होता. धाग्यांची जुळणी घट्ट होते, बाहेरून थोडी भर पडते. पण दुखावलेली लवकर भरत का नाही याचं उत्तर मात्र तिथे आहे.

पीटी_सर_सिन्नर (निवृत्त)

मुलांनो वाचतोय मघापासून. तुमचे ज्यूल न्यूटन छान आहेत पण मला १.८५ वाला मुलगा बघायचाय.

बाळा, तू जमिनीत बसतोस त्याला शीर कारण असेलही, पण मी तीस-पस्तीस वर्षं मैदानावर जे पाहिलं त्यात दहातल्या सात जणांचं कारण शेवटून दुसरं पाऊल असतं. त्या पावलाला कमरेत खाली यायचं असतं आणि शेवटचं पाऊल पटकन, सपाट, शरीराच्या पुढे टाकायचं असतं. पोरं उलटं करतात, दुसऱ्या पावलाला उभी राहतात आणि शेवटच्याला खाली जातात. मग गुडघा वाकणार, बसणार, आणि तू म्हणणार माझी शीर ढिली. गुडघा ताठ राहिला नाही तर शिरेला ताण येणारच कसा? गलोलीचा दांडकाच वाकतोय तर रबराचा काय दोष. त्यामुळे व्हिडिओत आधी ते बघ.

आणि आपल्या जिल्ह्याचा सर्वेश कुशारे. सुरुवातीला गादी नव्हती तर मक्याचा भुसा भरून पिट बनवायचे. त्यावर पडून पडून पोरगं २०२५ ला टोकियोच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या फायनलला गेलं, २.२८ मारली, सहावा आला. उंच उडीत फायनलला गेलेला पहिला भारतीय. हे शीर बिर काही त्याला लॅबमध्ये मोजून दिलं नव्हतं कोणी.

अजून एक सांगतो म्हणजे तुमचा वाद मिटेल किंवा वाढेल. स्वीडनचा स्टेफान होल्म, उंची १.८१ म्हणजे उंच उडीत बुटकाच, लहानपणापासून हजारो उड्या, २००४ ला अथेन्सला २.३६ मारून सोनं. आणि बहामाचा डोनाल्ड थॉमस, बास्केटबॉल खेळणारा, २००६ ला उंच उडी सुरू केली आणि २००७ ला ओसाकाला २.३५ मारून वर्ल्ड चॅम्पियन, होल्म चौथा. थॉमसची टाचेची शीर लांबलचक आणि होल्मची कमालीची कडक असं सांगतात. एकाला आईबापाने दिली, एकाने घासून घासून बनवली. दोघं एकाच बारवरून गेले. माझ्या मैदानावर दोन्ही प्रकारची पोरं आली, पहिल्या प्रकारची जास्त लवकर सोडून जातात एवढंच माझं निरीक्षण.

सिडको_जंपर

सर खूप धन्यवाद, व्हिडिओ पाहिला, तुम्ही म्हणता तसंच आहे 😐 दुसऱ्या पावलाला मी विजेच्या खांबासारखा उभा.

पण मोजायचं कसं ते राहिलंच. आणि ताई जिममध्ये एकजण म्हणत होता जिलेटिन खा शिरेला.

गलोलवाला_सातपूर

खरा स्टिफनेस मोजायला सोनोग्राफी लावून जोराचं यंत्र पाहिजे, घरी जमत नाही. पण त्याच्या आसपासचं काही मोबाईलवर निघतं. स्लो मोशन २४० फ्रेमवाला लाव, ३० सेंटीमीटरच्या ठोकळ्यावरून खाली पाय टाक आणि जमिनीला लागल्या लागल्या वर उडी, हात कमरेवर. फ्रेम मोज. जमिनीवर किती आणि हवेत किती, दोन्हीला २४० ने भाग म्हणजे सेकंद. हवेतल्या सेकंदाचा वर्ग गुणिले ९.८१ भागिले ८, आली उंची मीटरमध्ये. उंचीला जमिनीवरच्या सेकंदाने भागलं की जो आकडा येतो तो बघत राहा, दर दोन आठवड्यांनी, त्याच बुटात, त्याच फरशीवर. हा आकडा शिरेचा एकटीचा नाही, सगळ्या पायाचा आहे, डोक्याचापण. सकाळी सकाळी थंडीत गारठलेल्या पायाने मोजू नको, निफाडकडे पारा पाच-सहावर आला की आमचे इकडे साधे गुडघे बोलतात. आणि हो, उजवा पाय बरा झाल्यावरच.

फिजिओताई_गंगापूररोड

जिलेटिनचं: २०१७ ला आठ तरुणांवर प्रयोग झाला, १५ ग्रॅम जिलेटिन क जीवनसत्त्वासोबत तासभर आधी घेऊन सहा मिनिटं दोरीवरच्या उड्या, तर रक्तात कोलॅजन बनत असल्याची खूण वाढली. उडी किती वाढली हे त्यात मोजलेलंच नाही. घ्यायचं तर घे, त्याने अपाय नाही, पण ते जनावराच्या हाडा-कातड्याचं असतं, घरी चालत नसेल तर आधी सांग.

भाऊ_व्हॉलीवाला

म्हणजे पायाचा रस्सा?? मी आठवड्यातून दोनदा खातो भो, म्हणूनच चार बोटं वर.

सिडको_जंपर *(साडेचार महिन्यांनी)*

धागा वर काढतोय, कोणाला उपयोग होईल म्हणून.

फिजिओला दाखवलं, उजव्या शिरेची सुरुवातीची कुरकुर निघाली. तीन आठवडे उड्या जवळजवळ बंद, मग ताईंनी सांगितलेलं धरून उभं राहायचं काम १४ आठवडे, मध्ये घरातल्या लग्नाचा एक आठवडा बुडाला. पीटी सरांनी इथे सांगितलेलं शेवटच्या दोन पावलांचं आमच्या सरांना सांगितलं, आमचे सर दोन दिवस बोलले नाहीत, मग स्वतःच शेवटच्या दोन पावलांच्या खुणा चुन्याने मारून द्यायला लागले.

आकडे. पहिल्यांदा मोजलं (पाचव्या आठवड्यात) तेव्हा जमिनीवर ६६ फ्रेम, हवेत ११८. आता जमिनीवर ५०, हवेत ११९. गलोलवाले दादांच्या हिशोबाने उंची तेव्हाही साधारण ३० सेंटीमीटर आणि आताही ३०च, पण जमिनीवरचा वेळ ०.२७५ वरून ०.२१ वर आला, तो भागाकाराचा आकडा १.०८ वरून १.४५ झाला. पार्किंगच्या भिंतीवरची खूण फक्त एक बोट वर गेलीय, व्हॉलीवाला अजून पुढेच आहे आणि रस्स्याचं क्रेडिट घेतो. सकाळची पावलं आता दोन-तीन, थंडीच संपली त्यामुळे त्यातलं किती शिरेचं आणि किती उन्हाळ्याचं माहीत नाही. उजव्या टाचा २३.

१.८८ प्रॅक्टिसला दोनदा गेली. स्पर्धेत १.८५ पहिल्या प्रयत्नात स्वच्छ, १.८८ ला तिसऱ्या प्रयत्नात बार हलला, मी गादीवर पडून वर बघतोय, तो डुलतोय डुलतोय, आणि मी उठून उभा राहिलो तेव्हा पडला. पावसाळ्याआधी अजून एक स्पर्धा आहे.

जिममध्ये मात्र अजून रोज कोणीतरी येऊन विचारतं, भाऊ मशीन अडकलंय का, हलत नाहीये.